आजार सांगणाऱ्याचा तोटा होऊ देऊ नका

प्रति,
मा. आयुक्त, सोलापूर महानगरपालिका
मा. जिल्हाधिकारी, सोलापूर
मा. मुख्य कार्यकारी अधिकारी, सोलापूर जिल्हा परिषद

विषय : घातक साथरोगाचा पहिला रुग्ण वेळेत कळावा यासाठी करायची तयारी

महोदय,

सोलापूर शहराच्या पूर्व भागात माझं औषधांचं दुकान आहे. मी डॉक्टर नाही, डी. फार्म. झालेला दुकानदार. आमच्याकडे ताप आला की माणूस आधी काउंटरवर येतो. दोन दिवस गोळ्या खाऊन उतरला नाही तर गल्लीतल्या दवाखान्यात जातो, तिथून चिठ्ठी मिळाली तर मोठ्या रुग्णालयात, आणि अगदीच गळ्याशी आलं की सिव्हिलला. आपल्या कार्यालयापर्यंत ती बातमी पोचायला त्यापुढे किती दिवस लागतात, ते आपल्याला जास्त ठाऊक. या रांगेत मी सगळ्यात अलीकडे उभा आहे, म्हणून लिहितो.

साथीच्या तयारीचं बोलणं निघालं की खाटा, ऑक्सिजनचा प्लँट, व्हेंटिलेटर, पीपीई किट यांची मोजदाद होते. ती व्हायलाच हवी. पण निपाह किंवा इबोलासारखा आजार शिरला, तर खाटांची गरज लागण्याच्या कितीतरी आधी निकाल लागलेला असतो. पहिला रुग्ण कुणाच्या लक्षात आला, त्याने कुणाला कळवलं, आणि कळवल्यावर कळवणाऱ्याचं काय झालं, यावर तो लागतो. पहिल्या दोन प्रश्नांवर बैठका होतात. तिसरा कुणी काढत नाही.

2020 चं सांगतो. करोनाच्या पहिल्या लाटेत आम्हा दुकानदारांना फर्मान आलं, की ताप-खोकल्याचं औषध नेणाऱ्या प्रत्येकाचं नाव, पत्ता, मोबाईल नंबर लिहून ठेवा. कल्पना वाईट नव्हती. मी वही आणली, रकाने आखले. थोड्याच दिवसांत आमच्या गल्लीतला ताप नाहीसा झाला. म्हणजे पॅरासिटामॉलची पट्टी मागणारं कुणी उरलं नाही. तिच्याऐवजी अंगदुखीची गोळी धडाधड खपायला लागली, ज्यात पॅरासिटामॉल असतंच. विड्या वळणाऱ्या एक आजी नेहमी नातवाला पाठवायच्या. एकदा स्वतः आल्या. डोळे लाल, एक हात काउंटरच्या काचेवर टेकलेला, दुसऱ्या हातात पदराचं टोक. मी काही विचारायच्या आतच म्हणाल्या, "अण्णा, ताप-बिप काय न्हाई हां मला. अंग दुखायलंय नुसतं." वहीत अंगदुखीचा रकाना नव्हता.

त्या असं का म्हणाल्या ते गल्लीतल्या शेंबड्या पोरालाही माहीत होतं. नाव वहीत गेलं की गाडी येणार, घरातल्या सगळ्यांना घेऊन जाणार, गल्लीच्या तोंडाला पत्रे ठोकले जाणार. पान-तंबाखू आणणं बंद, म्हणजे मजुरी बंद. बचत गटाचा हप्ता मात्र चालू. आणि सुटून आल्यावर नळावरच्या बायका घागर उचलून बाजूला सरकणार ते वेगळंच. आजींनी काउंटरवरच्या वहीकडे बघून मनात हिशेब केला, आणि त्यांचा हिशेब बरोबर होता. ती वही न्यायला शेवटपर्यंत कुणी आलं नाही. माळ्यावर असेल अजून.

याचं मूळ फार जुनं आहे. सप्टेंबर 1896 मध्ये मुंबईत मांडवीला प्लेग आढळला आणि फेब्रुवारी 1897 मध्ये इंग्रजांनी साथरोग कायदा केला. पुण्यात गोरे सोजीर घराघरांत शिरून झडत्या घेऊ लागले. पुढचं रँड प्रकरण आपण सगळे शाळेत शिकलो. पण झडतीच्या धास्तीने लोक आजारी माणसं लपवू लागले, मयत लपवू लागले, आणि शोधायला निघालेल्या सरकारला रोग सापडणं आणखी अवघड झालं, हा भाग धड्यात येत नाही. तोच कायदा आजही लागू आहे. 2020 मध्ये त्यात दुरुस्ती होऊन आरोग्य कर्मचाऱ्यांवर हात उगारणाऱ्याला कडक शिक्षा आली, ते योग्यच झालं. मात्र याच कायद्याच्या दुसऱ्या कलमात, खर्च कुणी सोसायचा हे सरकारने ठरवावं असं म्हणताना, 'नुकसानभरपाई असल्यास तीसुद्धा' असे शब्द कंसात घातलेले आहेत. 2020 साली आमच्या भागात तरी ते शब्द कंसाबाहेर आलेले मी पाहिले नाहीत.

मला जे म्हणायचं आहे ते एवढंच, की आजार सांगणं लोकांना परवडलं पाहिजे. कुणाकुणाला काय किंमत पडते ते आपल्यासमोर मांडतो.

विडी कामगार बाई रोज तयार विड्या कारखान्याच्या ब्रँचला देते आणि उद्यासाठी पान, तंबाखू, दोरा घेऊन येते. मजुरी हजार विड्यांवर. खंड पडला की त्या दिवसाचे पैसे नाहीत. विडी कामगारांच्या कल्याणासाठी घेतला जाणारा उपकरही 2017 मध्ये जीएसटीबरोबर गेला. इबोलाचा विषाणू शरीरात शिरल्यापासून लक्षणं दिसायला 2 ते 21 दिवस लागू शकतात, म्हणून संपर्कातल्या माणसाला 21 दिवस नजरेखाली ठेवतात. निपाहचे साधारण 4 ते 14 दिवस. ज्या घरात चार दिवसांचं पीठ भरलेलं नसतं, त्या घराला "एकवीस दिवस बाहेर पडू नका" असं सांगणं म्हणजे खोटं बोलायला शिकवणं आहे. यंत्रमागावरच्या माणसाचंही निराळं नाही. माग बंद ठेवून मालक पगार देत नाही, आणि मालकालाही वरून कुणी देत नाही.

गल्लीतल्या डॉक्टरचं बघा. संध्याकाळी सात ते दहा त्याच्याकडे पाय ठेवायला जागा नसते. बाकावर वीसेक माणसं, त्यातली निम्मी तापाची. एखाद्या रुग्णाचा ताप त्याला वेगळा वाटला, बोलणं असंबद्ध वाटलं, हिरड्यांतून रक्त दिसलं, आणि त्याने फोन केला, तर त्याला काय मिळणार? दवाखान्याला सील, दारापुढे गर्दी, मोबाईलवर फिरणारा व्हिडिओ, आणि महिनाभर ओस पडलेला बाक. संशय खोटा निघाला तरी बाक लवकर भरत नाही. त्यामुळे तो चिठ्ठी लिहितो, "सिव्हिलला दाखवा" म्हणतो आणि मोकळा होतो. रुग्ण रिक्षाने जातो की बसने, जातो की घरीच निजतो, याचा पत्ता कुणाला नाही. मोठ्या खासगी रुग्णालयाची भीती तीच, फक्त आकडा मोठा.

आता बाहेरची उदाहरणं देतो, कारण आपल्यासारख्या गर्दीच्या, पैशाने बेताच्या शहरांनी हे निभावलेलं आहे.

20 जुलै 2014 ला नायजेरियाच्या लागोस शहरात विमानतळावर एक आजारी प्रवासी उतरला आणि तिथेच कोसळला. दीड-दोन कोटींचं शहर. सरकारी डॉक्टरांचा संप चालू होता म्हणून त्याला खासगी रुग्णालयात नेलं. तिथल्या डॉ. अमेयो अदादेवोह यांना इबोलाचा संशय आला. त्या माणसाला सोडा म्हणून वरून दबाव आला, तरी त्यांनी सोडलं नाही आणि सरकारला कळवलं. पुढे त्यांनाही लागण झाली आणि त्या गेल्या. पण साथ 20 रुग्ण आणि 8 मृत्यूंवर थांबली. संपर्कात आलेल्या 894 माणसांची यादी झाली आणि त्यांच्या दारी मिळून सुमारे साडेअठरा हजार भेटी दिल्या गेल्या. तीन महिन्यांत, 20 ऑक्टोबरला, जागतिक आरोग्य संघटनेने देश इबोलामुक्त जाहीर केला. यासाठी त्यांनी नवं खातं उघडलं नाही. पोलिओसाठी उभा केलेला नियंत्रण कक्ष आणि त्यातली माणसं रातोरात इकडे वळवली.

पोलिओचं जाळं आपल्याकडेही होतं, आणि त्यात एक गोष्ट फार शहाणपणाची होती. पंधरा वर्षांखालच्या मुलाच्या हातापायात अचानक लुळेपणा आला की कुठल्याही डॉक्टरने फक्त कळवायचं. पोलिओ आहे की नाही हे त्याने ठरवायचं नाही. शौचाचे नमुने घ्यायला, तपासायला दुसरी माणसं होती. कळवणाऱ्याच्या दवाखान्याला कुणी टाळं लावत नव्हतं; त्यामुळे खासगी डॉक्टरही कळवत आणि त्यातली बहुतेक मुलं पोलिओची निघत नसत. देशातला नैसर्गिक पोलिओचा शेवटचा रुग्ण जानेवारी 2011 चा. चुकीचा संशय कळवणाऱ्याला तिथे कुणी वेड्यात काढलं नाही, म्हणून खरे रुग्ण निसटले नाहीत.

उलटं उदाहरण श्रीमंत देशातलं आहे. 2014 च्याच सप्टेंबरात अमेरिकेत डॅलस शहरात, इबोलाची साथ चालू असलेल्या लायबेरियाहून आलेला एक माणूस तापाने रुग्णालयात गेला. कुठून आलो हे त्याने नर्सला सांगितलं होतं. ते डॉक्टरपर्यंत पोचलं नाही. प्रतिजैविकं देऊन त्याला घरी पाठवलं, तीन दिवसांनी तो रुग्णवाहिकेतून परत आला. तो वाचला नाही, आणि त्याची शुश्रूषा करणाऱ्या दोन नर्सना इबोलाची लागण झाली. त्या बऱ्या झाल्या. यंत्रं तिथे कमी होती असं कोण म्हणेल?

आणि केरळातलं कोझिकोड. मे 2018 मध्ये निपाह ओळखला गेला तोही एका खासगी रुग्णालयातल्या डॉक्टरांच्या संशयामुळे; एकाच घरातला दुसरा माणूस त्याच लक्षणांनी आल्यावर त्यांनी नमुने मणिपाल आणि पुण्याच्या एनआयव्हीला, म्हणजे राष्ट्रीय विषाणू संस्थेला, पाठवले. प्रयोगशाळेत सिद्ध झालेल्या 18 रुग्णांपैकी दोघेच वाचले. बहुतेकांना लागण रुग्णालयात झाली होती, त्यात व्हरांड्यात थांबलेले दुसऱ्या रुग्णांचे नातेवाईकही होते. हे वाचल्यावर मला आपल्या सिव्हिलच्या पायऱ्या आणि व्हरांडे दिसले. एका रुग्णामागे चार माणसं, डबा, सतरंजी, पाण्याची कॅन, लहान पोरं. हे बंद करा असं मी म्हणत नाही. गावाहून आलेल्या माणसाने जायचं कुठे? पण तापाच्या रुग्णाला अपघात विभागाच्या गर्दीतून न नेता बाहेरूनच वेगळ्या दाराने आत घेता येईल, ही सोय तरी हवी. केरळने निगराणीखालच्या घरांना तांदूळ आणि शिधाही दिला होता. लोक घरात थांबले, त्याचं श्रेय फक्त मल्याळी माणसाच्या साक्षरतेला देऊन आपण मोकळे होतो.

"आपल्याकडे कुठून येणार असलं काही?" असं म्हणणारे भेटतात. जानेवारी 2025 मध्ये पुण्यात जीबीएसचे, म्हणजे मज्जातंतू लुळे पाडणाऱ्या गुलेन-बारे आजाराचे, रुग्ण वाढले, तेव्हा पहिला संशयित मृत्यू सोलापुरात नोंदला गेला. लागण पुण्यातली, मृत्यू इथला. जीबीएस माणसाकडून माणसाला लागत नाही म्हणून निभावलं. मार्च 2020 मध्ये देशातला करोनाचा पहिला मृत्यू कलबुर्गीत झाला, इथून शंभरेक किलोमीटरवर. विजयपूर, इंडी, आळंद, अफजलपूर, धाराशिव, लातूर, सगळीकडचे रुग्ण सोलापूरच्या रुग्णालयांत येतात. मुंबई-चेन्नई रेल्वेमार्ग शहरातून जातो. आषाढीला पंढरपुरात लाखो माणसं जमतात, संक्रांतीला शहरातल्या गड्डा यात्रेत जमतात, कोजागरीला तुळजापूरला पायी जाणारे शहरातून जातात. सांगोल्याचा जनावरांचा बाजार आहे. जनावरांवरच्या गोचिडांमधून पसरणाऱ्या क्रिमियन-काँगो तापाने 2011 मध्ये गुजरातेत रुग्णावर उपचार करणारे डॉक्टर आणि नर्सही दगावले होते. वारीत तात्पुरती आरोग्य केंद्रं कशी उभी करायची हे या जिल्ह्याइतकं कुणाला येत असेल असं वाटत नाही. पण वारीची तारीख पंचांगात असते.

यापुढे मागण्या. क्रम मला सुचला तसा आहे.

पहिली, आणि बाकी एकही मान्य झाली नाही तरी ही करा: अलगीकरणाचा रोज. संपर्कातल्या ज्या माणसाला घरात किंवा केंद्रात बसवाल, त्याला त्या दिवसापासून किमान मजुरीइतकी रक्कम खात्यावर आणि शिधा दारात. नंतर अर्ज, मग पंचनामा, मग मंजुरी असं नको. आदेश आजच तयार करून ठेवा, तारीख तेवढी कोरी सोडा. निधी कुठला हे आत्ताच ठरवा; 2020 मध्ये राज्य आपत्ती प्रतिसाद निधीतून अलगीकरणाच्या सोयींवर खर्च करायला केंद्राने मुभा दिली होती, म्हणजे वाट अगदीच अनोळखी नाही. सुरुवातीच्या दिवसांत अशी माणसं शेकड्यांत असतात. त्यांचा खर्च आणि अख्खं शहर महिनाभर बंद ठेवण्याचा खर्च आपल्या लेखा विभागाने शेजारी शेजारी मांडून बघावा.

दुसरी, डॉक्टरांसाठी एकच फोन नंबर, ज्यावर रात्री अकरालाही माणूस बोलेल. 108 आहे, 104 आहे, पण "मला संशय आहे, तुम्ही येऊन बघा" एवढंच सांगण्याची जागा वेगळी हवी. फोननंतर तासाभरात पथक यावं, रुग्णाला आपल्याच गाडीतून न्यावं, दवाखाना निर्जंतुक करून शक्य तितक्या लवकर पुन्हा उघडून द्यावा. बंद ठेवावा लागलाच तर त्या दिवसांचं भाडं आणि कंपाउंडरचा पगार महापालिकेने द्यावा. डॉक्टरचं नाव जाहीर होता कामा नये. संशय खोटा ठरला तर त्याला आभाराचं पत्र जावं. पत्र फ्रेम करून लावतील लोक, बघा.

तिसरी आमच्याविषयी. नावांची वही पुन्हा आणू नका. माझ्या बिलाच्या सॉफ्टवेअरमध्ये एक बटण दाबलं की आज पॅरासिटामॉलच्या किती पट्ट्या गेल्या, ओआरएसची किती पाकिटं गेली, मुलांच्या तापाच्या किती बाटल्या गेल्या ते निघतं. नुसते आकडे घ्या, नाव नको, नंबर नको. साखर पेठ, कन्ना चौक, दत्तनगर, नीलम नगर, विडी घरकुल असे भाग पाडा. एखाद्या भागाचा आकडा चार दिवसांत दुप्पट झाला तर आशाताईंना तिकडे पाठवा. आज साथरोग सर्वेक्षणात आशा आणि एएनएम (आरोग्य सेविका) यांच्यासाठी एक फॉर्म आहे, डॉक्टरसाठी दुसरा, प्रयोगशाळेसाठी तिसरा. आमच्यासाठी नाही, आणि आम्हाला हौसही नाही. रोज रात्री दुकान बंद करताना एक मेसेज पाठवू. यात चुका होतील. पावसाळ्यात डेंगीने आकडे फुगतील; काही दिवसांआड पाणी येणाऱ्या शहरात घराघरांत पिंपं भरलेली असतात, तिथे डासाला कोण अडवणार! पण डेंगी कळला तरी काय वाईट झालं?

हद्दीचा प्रश्न तिन्ही साहेबांनी एकत्र बसून सोडवावा असा आहे. कुंभारीची गोदुताई परुळेकर वसाहत आणि शेजारचं रे नगर, जिथली पहिली पंधरा हजार घरं जानेवारी 2024 मध्ये दिली गेली, हे सगळं दक्षिण सोलापूर तालुक्यात, म्हणजे जिल्हा परिषदेच्या बाजूला. तिथली माणसं कामाला शहरात, नातीगोती शहरात, औषध बऱ्याचदा माझ्याकडून. विषाणूला जकात नाका माहीत नाही. शहराच्या यादीतला रुग्ण कुंभारीत राहतो असं कळल्यावर यादी कुणाकडे जाते, कोण दार ठोठावतं, दुसऱ्या दिवशी कोण? हे आज कागदावर असेल तर ते गल्लीतल्या डॉक्टरपर्यंत आलेलं नाही. कर्नाटकातल्या विजयपूर आणि कलबुर्गी या दोन जिल्ह्यांच्या आरोग्य अधिकाऱ्यांचे मोबाईल नंबर आपल्या नियंत्रण कक्षाच्या भिंतीवर असावेत, एवढंच त्या बाजूचं म्हणणं.

भाषेचंही बघा. पूर्व भागात घराघरांत तेलुगू, मोहल्ल्यांत उर्दू-हिंदी, अक्कलकोटच्या अंगाला कन्नड. छापील मराठी पत्रक काढून कर्तव्य संपत नाही. वर सांगितलेल्या आजींना कुठलीच लिपी वाचता येत नाही. त्यांना ऐकवावं लागतं, आणि ते ओळखीच्या आवाजात. समाजाचे पंच, मशिदीतले इमाम, मठातले स्वामी, विडी कामगारांच्या संघटनांच्या ताई यांची बैठक साथ नसताना घ्या. त्या बैठकीत अंत्यसंस्काराचा विषय काढायला कचरू नका. इबोलात मयतापासून लागण होते, हे खरंच आहे. आपल्याकडे कुणी दहन करतं, मुस्लिम दफन करतात, लिंगायत बसवून समाधी देतात. घरच्यांना किती लांबून पाहता येईल, मंत्र कोण म्हणेल, नमाज कुठे होईल, हे आधी ठरलं तर लोक मयत सांगतील. घाईत प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून नेलेल्या देहाची आठवण या शहराला आहे, आणि पुढच्या वेळी ती लोकांची तोंडं बंद करील.

रुग्णालयांत पीपीई घालायला शिकवतात. लागणीचा धोका जास्त असतो तो काढताना, आणि सगळ्यात कमी शिकवलं जातं ते मावशींना आणि कंत्राटी सफाई कामगारांना. आपलं शहर गणवेश शिवून देशभर पाठवतं. सरावासाठी स्वस्तातले धुता येणारे गाऊन इथेच शिवून घ्या आणि महिन्यातून एकदा प्रत्येकाकडून, नर्सच्या देखरेखीत, घालून-काढून घ्या. कंत्राटी माणसाचा विमा आणि हजेरी नियमित माणसासारखीच हवी. ती नसेल तर तो पहिल्या दिवशी गावी निघून जाईल, आणि त्याला नावं ठेवायचा अधिकार आपल्याला नसेल.

सुरतेत तसंच झालं होतं. सप्टेंबर 1994 मध्ये प्लेगची बातमी फुटली आणि लाखो माणसं मिळेल त्या गाडीने पळाली. खासगी डॉक्टरांतले कितीतरी दवाखाने बंद करून गेले. प्लेगवरचं टेट्रासायक्लिन बाजारातून गायब झालं. मृत्यू पन्नासेक, पण हाहाकार देशभर. तेही आपल्यासारखंच मागांवर जगणारं शहर, आणि तेलुगू विणकर तिथेही आहेत. आमच्या धंद्याची लाज झाकून सांगता येणार नाही: एप्रिल 2021 मध्ये रेमडेसिविरचा काळाबाजार साऱ्या राज्याने पाहिला. म्हणून स्टॉकिस्टकडचा आणि दुकानांतला गरजेच्या औषधांचा साठा पहिल्या दिवसापासून जाहीर करायला लावा, एका चिठ्ठीवर किती द्यायचं ते ठरवा, आणि जो साठा लपवेल त्याचं लायसन्स घ्या. आमची संघटना कुरकुर करील. करू दे.

शेवटची मागणी रंगीत तालमीची. हार-तुरे, मास्क लावून फोटो, अशी नको. न्यूयॉर्कमध्ये 2015-16 मध्ये गोवर किंवा मर्सचं (करोनाच्याच कुळातल्या श्वसनाच्या आजाराचं) सोंग घेतलेली माणसं न सांगता 49 रुग्णालयांच्या आपत्कालीन विभागांत पाठवली होती, एकूण 95 वेळा. 78 टक्के वेळा त्यांना मास्क देऊन वेगळं बसवलं गेलं. उरलेल्या वेळी सोंग पचलं. ते आकडे त्यांनी जाहीर केले. आपणही एखाद्या धडधाकट माणसाला "केरळातून परवाच आलोय, ताप आहे, डोकं फुटतंय" असं शिकवून पाठवा. एकाला जोडभावी पेठेतल्या दवाखान्यात, एकाला होटगी रस्त्यावरच्या रुग्णालयात, एकाला सिव्हिलच्या ओपीडीत, एकाला माझ्यासारख्याच्या काउंटरवर. कुठे प्रवास विचारला गेला, कुठून फोन आला, किती तासांनी आला, ते बघा आणि वर्तमानपत्रात द्या. कमी पडलेल्याचं नाव छापू नका. तास छापा. पहिल्या वेळी ते लाजिरवाणे असतील, हे मी आत्ताच सांगतो. सहा महिन्यांनी पुन्हा पाठवा.

पूर्व भागातले बरेचसे औषध दुकानदार आकड्यांच्या मेसेजला तयार होतील. मी विचारून पाहिलंय, एकच अट घालतात, की नावं मागणार नाही हे लेखी द्या. बैठक बोलावणार असाल तर दुपारी दोन ते चारमध्ये ठेवा. त्या वेळात काउंटरला गर्दी नसते आणि गल्लीतले डॉक्टरही मोकळे असतात. जागा आमच्याकडेच कुठेतरी बघा, कन्ना चौकाच्या आसपास. महापालिकेच्या इंद्रभवनात बोलावलंत तर निम्मे येणार नाहीत.

आपला,
पूर्व भागातील एक औषध विक्रेता
सोलापूर